सांडव्याची बाजू

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कोणत्याही गावाच्या वरच्या अंगाला गेले, की दोन टेकाडांच्या मध्ये नाला अडवून घातलेला मातीचा एखादा भराव दिसतोच. माथ्यावर पायवाट, उतारावर बाभळी, आतल्या अंगाला अर्धवट ढासळलेले दगडी अस्तर. कागदोपत्री तो पाझर तलाव किंवा मातीनाला बांध असतो; गावात त्याला नुसते तळे म्हणतात. हे तळे कशासाठी, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे: खालच्या विहिरींना पाणी उतरावे म्हणून. उत्तर खरे आहे, पण अर्धे. हा भराव दर पावसाळ्यात आणखी एक काम करतो. वरून येणारा लोंढा तो काही काळ थोपवतो आणि मग बेताने खाली सोडतो. हे दुसरे काम त्याला कोणी नेमून दिलेले नाही, ते कोणत्याही अंदाजपत्रकात मोजलेले नाही आणि त्यासाठी कधी कोणी पैसे मागितलेले नाहीत. या जिल्ह्यातल्या लहान मातीच्या धरणांचा इतिहास पाहिला तर मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ती सगळी दुष्काळाच्या खात्यावर बांधली गेली, आणि म्हणून पुराशी ज्याचा थेट संबंध आहे तो त्यांचा भाग, म्हणजे सांडवा, सुरुवातीपासून पोरका राहिला.

आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागेल. गावोगावची तळी ही आपली प्राचीन परंपरा, ती इंग्रज-निजामाच्या काळात बुडाली आणि आता तिचे पुनरुज्जीवन करायचे, असे भाषणांतून सर्रास सांगितले जाते. तेलंगणाबाबत त्यात बरेच तथ्य आहे. काकतीयांनी बांधलेली रामप्पा, पाखाल, लकनवरम ही तळी आजही पाणी देतात, आणि निजामाच्या राज्यातला तलावांचा बहुतेक कारभार त्याच भागापुरता होता. मराठवाड्याची गोष्ट वेगळी. इथली काळी जमीन ओल धरून ठेवते, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. भाताला लागते तसे साचवलेले पाणी तिला लागत नाही. म्हणून इथला शेतकरी विहिरीकडे वळला, आणि राजांनी बांधले ते बारव आणि हौद. दौलताबादच्या परिसरात तुघलकांचा सुभेदार कुतलुगखान याच्या नावाने हौज होता, खुलताबादच्या डोंगरात परियों का तालाब आहे, औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उत्तरेला खिजरी तालाब होता, ज्याला आज आपण सलीम अली सरोवर म्हणतो. पण ही राजधानीची, छावणीची, दर्ग्याची तळी. १६१०मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणाऱ्या मलिक अंबरने शहराला पाणी दिले तेही धरण बांधून नव्हे. खाम नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली मुरलेले पाणी त्याने नहरीत उतरवले आणि उताराच्या बळावर शहरात आणले. मुरलेल्या पाण्यावर जगण्याची विद्या इथे जुनी आहे. खेड्याच्या वर मातीचा बंधारा घालण्याची रीत मात्र या जिल्ह्यात सार्वत्रिक झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पिढ्यान्‌पिढ्या तळे सांभाळणाऱ्या गावात सांडव्याची देखरेख कोणी करायची, पावसाळ्याआधी भराव कोणी पाहायचा, याचे ठरलेले मानकरी असतात. आपल्याकडे तळे आले, तो मानकरी आला नाही.

खरे तर तलाव आणि पूर यांचा संबंध काय, हे ज्या राज्यात औरंगाबाद होते त्याच राज्याने फार जबर किंमत देऊन शिकून घेतले होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला आणि हैदराबाद शहरात हजारो माणसे बुडाली. पुढच्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. त्यांनी नुसत्या नदीचे पात्र मोजले नाही, वरचे सगळे पाणलोट क्षेत्र तपासले. तिथे ७८८ तलाव होते आणि त्या पावसात त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी पावसाच्या पाण्यासह खालच्या तलावावर कोसळते. खालच्याचा सांडवा एवढ्या पाण्याच्या हिशेबाने बांधलेलाच नसतो. तोही फुटतो, आणि ही साखळी शहरापर्यंत पोचते. यावर विश्वेश्वरय्यांनी तलाव मोडून टाका असा सल्ला दिला नाही. त्यांनी शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसा यांच्यावर दोन जलाशय सुचवले, ज्यांत पुराचे पाणी घ्यायला मुद्दाम जागा राखून ठेवायची होती. उस्मानसागर १९२०मध्ये आणि हिमायतसागर १९२७मध्ये पूर्ण झाला. जलाशयातली रिकामी जागा हीसुद्धा कामाची जागा असते, हा विचार त्यात होता. पण तो हैदराबादच्या आसपासच थांबला. औरंगाबाद सुभ्याच्या दप्तरात शिकवण साठली ती १८९९-१९००च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळांची. १९४८मध्ये निजामी संपली, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. दप्तरे बदलली, तरी त्यांतला मुख्य विषय दुष्काळ हाच राहिला.

मग १९७२ आले. लागोपाठ अवर्षणाची वर्षे गेली आणि १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. सुकडी खाऊन, मिलोची लाल भाकरी खाऊन लोकांनी खडी फोडली, रस्ते केले आणि तळी बांधली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७च्या कायद्याने ती हक्क बनली. तिचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. लाखो माणसे तिने जगवली. पण तळ्याकडे तळे म्हणून पाहिले तर काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. मातीचा भराव म्हणजे मातीचा ढीग नव्हे. मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण, पायात खोदलेली आणि चिकणमातीने भरलेली चर, खालच्या पायथ्याशी झिरपा काढून देणारा दगडाचा थर. आणि हे सारे वीतभर जाडीच्या थरांनी, प्रत्येक थर ओला करून आणि दाबून. माती वडारांना हे काम पिढीजात ठाऊक होते. दुष्काळी कामावर मात्र हाताला काम मागणारा प्रत्येक जण आला, पाटी डोक्यावर घेऊन. आणि थर ओला करायला पाणी कोठून आणायचे? ज्या वर्षी माणसांना प्यायला टँकर लागतो त्या वर्षी मातीचे धरण बांधायचे, यात ही अडचण मुळातच आहे. कोरडी दाबलेली माती पहिल्या भरपूर पावसात बसते, भरावाचा माथा मध्येच खचतो, आणि नेमक्या त्या खोलगट जागेवरून पाणी डोकावू लागते.

दुसरी अडचण पैशांच्या वाटणीत होती. योजनेचा नियम असा, की खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर जावा. हेतू अगदी योग्य. नाहीतर पैसा ठेकेदाराच्या यंत्रात जिरला असता. मात्र धरणाच्या कोणत्या अंगाला मजुरी लागते आणि कोणत्या अंगाला साहित्य, हे पाहा. भरावाला मजुरी लागते. सांडव्याला सिमेंट, घडीव दगड, गवंडी, खालच्या नाल्यापर्यंत पाणी सुखरूप नेणारी पुच्छ वाहिनी आणि तिच्यासाठी खडक फोडणे लागते. म्हणजे ज्या अंगावर पुराचा सगळा भार, तेच अंग योजनेच्या हिशेबात महाग आणि गैरसोयीचे. यामागे कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. कामाचे यश मनुष्यदिवसांत मोजले, नंतर साठ्याच्या घनमीटरांत मोजले. ज्यातून काहीच साठत नाही आणि ज्यावर फारशी माणसे लागत नाहीत, असा भाग अशा मोजमापात आपोआप मागे पडतो.

पूर थोपवण्याचे काम हा भराव खरोखर करतो का, याचा हिशेब एका नमुन्याच्या तळ्यावर मांडून पाहू. समजा वर चार चौरस किलोमीटरचे पाणलोट आहे. आपल्याकडे महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तेवढा पाऊस या क्षेत्रावर पडला तर २ लाख ६० हजार घनमीटर पाणी होते, आणि त्यातले निम्मे वाहून आले असे धरले तर १ लाख ३० हजार. तळ्याची क्षमता दीड लाख घनमीटर असेल आणि ते जूनमध्ये कोरडे असेल, तर हा संपूर्ण लोंढा तळ्यातच संपतो. खालच्या गावाला पूर येऊन गेल्याचे कळतही नाही. तेच तळे सप्टेंबरात काठोकाठ भरलेले असेल तर? तरीही सगळे हातचे जात नाही. पाण्याचा पसारा सहा हेक्टर असेल आणि सांडव्याच्या माथ्यावर पाणी एक मीटर चढू शकत असेल, तर ६० हजार घनमीटर पाणी काही तास वर थोपून राहते आणि सांडव्यावरून हळूहळू उतरते. लोंढ्याचे पाणी तेवढेच, पण त्याचा शेंडा कापला जातो. गावातले मोरीपूल, नाल्याकाठची घरे, खरडून जाणारी जमीन यांच्या दृष्टीने शेंडाच महत्त्वाचा.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकाराचा. एवढ्याशा तळ्याने कुठे पूर अडतो? ऑगस्ट २००६मध्ये जायकवाडीतून पाणी सोडले आणि पैठण बुडाले, तेव्हा जिल्ह्यातल्या साऱ्या पाझर तलावांची बेरीज करूनही गोदावरीला फरक पडला नसता. हे बरोबर आहे, आणि लहान बंधाऱ्यांकडून गोदावरीचा पूर अडवण्याची अपेक्षा कोणी करत असेल तर तो त्यांच्यावर अन्याय आहे. पैठणचा पूर नाशिक-नगरकडून येणाऱ्या पाण्याचा. त्याचे उत्तर जायकवाडीच्या नाथसागराची दारे केव्हा आणि किती उघडायची यात आहे. पण जिल्ह्यातल्या बहुसंख्य गावांना गोदावरीचा पूर माहीत नसतो. त्यांना माहीत असतो तो दोन तासांचा पूर. ढग डोंगरावर फुटतो, नाला तांबडा होतो, वाहत्या पाण्यातून जाण्याचा कोणी हट्ट करतो आणि जीव गमावतो, काठची माती कापसासकट जाते, आणि संध्याकाळी नाल्यात घोटाभर पाणी उरते. अशा पुरावर मोठ्या धरणाचा काही इलाज चालत नाही. तिथे चार चौरस किलोमीटरवरचे तळे हीच योग्य मापाची वस्तू आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: ही तळी पूर थोपवत नाहीत, पूर आणतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटाच्या पट्ट्यात जोरदार पाऊस झाला. घाटात दरडी कोसळल्या, घाटाखाली चाळीसगावात तितूर नदीचे पाणी शिरले, आणि आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत, नागदच्या बाजूला, भिलदरीचा पाझर तलाव फुटला. त्याआधी दोन वर्षे, २ जुलै २०१९च्या रात्री, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे गेली होती. तेही लहान आणि मातीचेच. तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान मंत्र्यांनी केले आणि महाराष्ट्र हसला. खरे पाहता खेकडे, घुशी, उंदीर आणि झाडांची कुजलेली मुळे भरावात वाटा करतात हे कोणताही जलसंधारण अभियंता सांगेल. हसण्यासारखे होते ते हे, की खेकड्यावर नजर ठेवणारा माणूस कोणी नेमलाच नव्हता, याबद्दल त्या विधानात अवाक्षर नव्हते. मातीचे धरण फुटते ते मुख्यतः दोन रीतींनी. एक तर आतून पाणी वाट काढते आणि माती घेऊन बाहेर पडते. किंवा सांडव्याला पाणी झेपत नाही, ते भरावाच्या माथ्यावरून जाते, खालच्या उतारावरचा मुरूम धुतो, आणि उघडा पडलेला गाभा ढेकळांनी कोसळतो. दगडी बंधारा माथ्यावरून पाणी जाऊनही टिकू शकतो. मातीला ती सवलत नाही. म्हणून आक्षेप घेणाऱ्याशी मी इथवर सहमत आहे, की सांडवा नीट नसलेले तळे नसलेले बरे. मात्र याच कारणाने त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. दोष तळ्याच्या असण्यात नाही, त्याच्या एका अंगाकडे पाठ फिरवण्यात आहे.

कोणी म्हणेल, सांडव्याचे गणित तर अभियंते मांडतातच. मांडतात. इंग्लिस यांचे सूत्र महाराष्ट्रात लहान पाणलोटांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. सह्याद्रीच्या पुरांवरून बसवलेले हे सूत्र हात आखडून घेणारे नाही. आपल्या चार चौरस किलोमीटरला ते दर सेकंदाला सुमारे १३० घनमीटर पाणी धरायला लावते, म्हणजे एक मीटर चढाव गृहीत धरून सत्तर-ऐंशी मीटर रुंद सांडवा. गडबड होते ती नकाशा संपल्यावर. सांडव्याच्या माथ्यावर दगड रचून, वाळूची पोती ठेवून, कधी योजनेच्याच पैशाने काँक्रीट घालून अर्धा मीटर उंची वाढवली जाते. तळ्यात ३० हजार घनमीटर पाणी जास्त साठते. गाव खूश, अहवालात आकडा वाढतो. पण भरावाचा माथा तिथेच असतो. पाणी चढायला आता एकाऐवजी अर्धाच मीटर उरला, आणि सांडव्याची पाणी वाहून नेण्याची ताकद चढावाच्या दीडपट घाताने बदलते. ती निम्म्यावर नाही, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते. पुच्छ वाहिनीत कोणी बांध सरकवून नांगराचे दोन तास घातलेले असतात, ते वेगळेच.

आणि हे पाहायचे कोणी? शंभर हेक्टरपर्यंतचे सिंचन जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे राज्याच्या यंत्रणेकडे, त्याहून मोठे जलसंपदा खात्याकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली. पाझर तलावातून पाट निघत नाही, म्हणून पाणीपट्टी नाही. पाणीपट्टी नाही म्हणून हिशेबात त्याची मिळकत शून्य. आणि ज्याची मिळकत शून्य त्याच्या दुरुस्तीची मागणी कोण रेटणार? ज्यांच्या विहिरींना पाणी उतरते ते काही देत नाहीत, आणि ज्यांचा पूर टळतो त्यांना तर तो टळल्याचे ठाऊकही नसते. डिसेंबर २०२१मध्ये देशाचा धरण सुरक्षितता कायदा झाला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर. आपली बहुतेक तळी त्या मापाच्या खाली राहतात. २०१७मध्ये मृद व जलसंधारण विभागाचे आयुक्तालय छत्रपती संभाजीनगर शहरातच, जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या (वाल्मी) आवारात आले. तपासणीची व्यवस्था लहान तळ्यांपर्यंत न्यायची तर जागा हाताशी आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप अजून बाकी आहे. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही दोन वर्षांआड तूट. अशा ठिकाणी पुरासाठी तळे रिकामे ठेवा असे सांगणे म्हणजे चैन नाही का? अमेरिकेत ओहायोमध्ये १९१३च्या पुरानंतर मायामी नदीच्या खोऱ्यात पाच मातीची धरणे बांधली, ज्यांच्या पोटात कायम उघडी भुयारे आहेत. एरवी तिथे शेती होते, पाणी फक्त पुरात साठते. ओक्लाहोमात १९४८पासून वॉशिटा नदीच्या खोऱ्यात आणि मग राज्यभर दोन हजारांवर लहान मातीची धरणे झाली. तीही शेतकऱ्यांच्या शेतातली. पण त्यांत खालच्या पातळीला थोडे पाणी राखून त्यावरचा पूर पाइपाने काही दिवसांत काढून देण्याची सोय असते, आणि टोकाच्या पुरासाठी गवत लावलेला रुंद सांडवा वेगळा. ओहायोचे कोरडे धरण मराठवाड्यात कोणी मागू नये. तो हट्ट टिकणार नाही, टिकूही नये. ओक्लाहोमाचा नमुना मात्र आपल्या गरजेच्या विरोधात जात नाही. पूर्ण साठ्याच्या पातळीपर्यंतचा थेंब न थेंब दुष्काळाचाच राहू द्या. वाद आहे तो त्या पातळीच्या वरच्या एका मीटरचा. ती जागा रिकामी दिसते म्हणून ती मोकळी समजली जाते. प्रत्यक्षात ती पुराला दिलेली असते, आणि उंची वाढवणारा प्रत्येक जण ती परस्पर दुसऱ्या खात्यावर चढवत असतो. मराठवाड्यात मोठा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो, तळी भरल्यावर. तेव्हा पाणी थोपवायला त्या मीटरभर जागेशिवाय काहीच उरत नाही. अर्थात, सलग तीन दिवस झोडपणारा पाऊस असेल तर ती जागाही अपुरी पडेल, हे मान्य करायला हवे. तिथे तळ्याकडून एवढीच अपेक्षा, की त्याने फुटू नये.

या जिल्ह्यात हे कोणाला सुचलेच नव्हते असेही नाही. १९८०च्या दशकात विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती सहाय्य मंडळ यांनी आडगावात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम केले. आधी वरच्या उतारावर चर आणि बांध, मग नाल्यातली लहान कामे, त्यांच्या खाली साठा, असा क्रम. त्याकडे आपण विहिरींची पातळी वाढवणारे काम म्हणून पाहतो. पण वरचा उतार पाणी अडवू लागला की खालच्या तळ्यावर येणारा लोंढा लहान होतो आणि त्यासोबत येणारा गाळही. सांडव्याचा भार डोंगरावरच हलका होतो. हा क्रम नंतरच्या मोठ्या मोहिमांत टिकला नाही. २०१४च्या अखेरीस आलेल्या जलयुक्त शिवारमध्ये यंत्रे थेट नाल्यात उतरली आणि पात्रे खोल-रुंद झाली. २०१७च्या गाळमुक्त धरण योजनेत काढलेला गाळ मोजला जातो आणि त्यावरून वाढलेला साठा. गाळ काढणे आवश्यकच आहे. मात्र भरावाच्या आतल्या पायथ्याशी यंत्र लावून तळाचा चिकणमातीचा थर खरवडला तर झिरप्याला नवी वाट मिळते, आणि गाळाच्या मापपुस्तिकेत त्याची नोंद होत नाही. तिथे भरावाचा माथा आणि सांडव्याचा माथा यांच्यातल्या अंतरासाठी एक रकाना वाढवायला खर्च फारसा नाही. एक लेव्हल यंत्र, दोन माणसे आणि मे महिन्यातली एक सकाळ पुरते. ते अंतर दर वर्षी पावसाळ्याआधी मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर पोती कोणी ठेवली हे जूनच्या आत गावालाच कळेल, आणि ती काढायची की नाही यावर ग्रामसभेत भांडण होईल. ते व्हायला हवे; आजवर पुराची बाजू मांडणारे त्या सभेत कोणी नव्हते.